रडल्याबिगर डिलीट नाही

तरसालीचे सुभानराव मोहिते म्हणजे माणूस सोन्यासारखा, पण जीभ वेसण न घातलेल्या खोंडासारखी. पणजोबा बडोदे सरकारच्या फौजेत शिलेदार होते. त्यांचा घोडा गेला, तलवार गेली, मिशी तेवढी उतरत उतरत सुभानरावांपर्यंत आली. मकरपुऱ्याच्या कारखान्यात लेथवर उभं राहून त्यांचा जन्म गेला, आणि त्या जन्मात लेथनं कुणाच्या बोटांचं केलं नसेल तेवढं नुकसान तोंडानं सुभानरावांचं केलं. साडूच्या पोरीच्या लग्नात त्यांनी व्याह्याला सरळ सांगितलं, की तुमची जिलेबी बैलाला नाल म्हणून ठोकता येईल. साडू अजून बोलत नाही.

रिटायर झाल्यावर नातीनं, मितालीनं, त्यांना मोठा फोन घेऊन दिला आणि भाऊकीच्या ग्रुपवर घातलं. तिथं सुभानरावांना शोध लागला, की इथं थुंकलेलं परत गिळता येतं. मग काय. सकाळी दात घासायच्या आधी ते ग्रुपवर कुणाला तरी चार शब्द हाणायचे आणि चहा होईस्तोवर काढून घ्यायचे. भाऊकीतली माणसं डोळे चोळत फोन बघायची, तर तिथं नुसतं 'हा मेसेज हटवला आहे'. ते दिसलं की लोक म्हणायचे, सुभानराव उठले. एखाद्या दिवशी दिसलं नाही तर निजामपुऱ्याहून तब्येतीची चौकशी यायची.

ग्रुपला ॲडमिन दोन. एक सुभानराव, दुसरे त्यांचे चुलतभाऊ, वासण्याचे उदयसिंहराव. ॲडमिनला दुसऱ्याचं लिहिलेलंही पुसता येतं, आणि हे सुभानरावांना फार लवकर कळलं. दसऱ्याला उदयसिंहरावांनी फोटो टाकला होता. डोक्याला फेटा, हातात तलवार, शेजारी पांढरा घोडा, खाली 'शिलेदारांचा वारस'. सुभानरावांनी तो फोटो उडवला आणि लिहिलं, 'घोडा वरातीचा आहे, पायात घुंगरं दिसतात.' मग तेही उडवलं, पण तोवर अख्ख्या भाऊकीनं वाचलं होतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. कुठं समोर आले तर एकमेकांना इतक्या आदरानं नमस्कार करायचे, की बघणाऱ्याला भीती वाटावी.

तर मितालीचा साखरपुडा रविवारी ठरला होता. मुलगा धैर्यशील, पुढच्याच आठवड्यात कॅनडाला जाणारा. रविवार हुकला तर तो बर्फात आणि ही तरसालीत. स्थळ आणलं होतं भाऊकीतल्याच संयोगितानं. ती मोहित्यांची सून आणि मुलाची सख्खी आत्या. शाळेत शिकवायची, म्हणून शाळा सुटेपर्यंत तिचा फोन बंद.

आणि शुक्रवारी सकाळी सुभानराव पाण्याच्या टाकीचा वॉल फिरवायला गच्चीवर गेले.

टाकीवर कावळ्याचं जोडपं होतं. जोडप्यानं जे करायचं ते करत होतं. माणसानं मान फिरवून खाली यावं की नाही. सुभानरावांनी उभं राहून बघितलं आणि खाली येऊन हसत हसत बायकोला सांगितलं.

मथुराबाईंच्या हातातली कणीक परातीत पडली.

"तुमी बघितलं?"

"आता समोरच होतं तर काय करू."

"अवो, कावळ्याचं त्ये बघनारा जगत न्हाई." मथुराबाई साताऱ्याकडच्या. बडोद्यात सगळा जन्म गेला, पण बोली त्यांनी माहेरच्या भांड्यांसारखी घासूनपुसून ठेवली होती. "माज्या आज्जानं बघितलं हुतं. तवा तो मेला म्हनून समद्या पावन्यांना कार्ड धाडली. मान्सं रडली. रडल्यावर दोष गेला. म्हातारा नंतर शिरा खात बसला कितीतरी वर्षं."

"मग आता मी कार्डं टाकत फिरू?"

"कार्ड कशाला? तुमचा त्यो ग्रुप हाय की. घाला बातमी, येकजन रडंल, लगेच काढून टाका. काढायला तुमच्यायेवढा हात कुनाचा बसलाय?"

सुभानरावांचा कावळ्यावर विश्वास नव्हता. पण मथुराबाईंनी हिशोब समोर मांडला. तुम्ही खरंच गेलात तर भाऊकीला सुतक, साखरपुडा गेला. आणि मनाच्या तळाशी, आपण मेलो तर लोक काय म्हणतात, हे वाचायची थोडी खाजही होतीच.

दोघं कॉटवर बसून मजकूर करू लागले. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की सुभानराव मोहिते यांना आज सकाळी अल्पशा आजाराने...'

"आजार कसला?" सुभानराव थांबले. "मला काही झालेलं नाही."

"मग काय कावळ्यानं लिवता?"

त्यांनी आजार लिहिला. पुढं 'देवाज्ञा झाली. ते अत्यंत मनमिळाऊ होते' असं जोडलं.

"मनमिळाऊ काडा," मथुराबाई म्हणाल्या. "लोकांना खोटं वाटंल."

मनमिळाऊ निघालं. खाली 'शोकाकुल परिवार' आलं, आणि सुभानरावांनी स्वतःच्या अंगठ्यानं स्वतःला वर धाडलं.

दम खायच्या आत हात यायला लागले. जोडलेले पिवळे हात. एक जोडी, तीन जोड्या, मग ओळच्या ओळ. 'ॐ शांती'. एकानं तर घाईत 'खूप खूप अभिनंदन' टाकलं आणि काढून घेतलं.

"कोन रडलं का?" मथुराबाईंनी विचारलं.

"हात जोडलेत."

"हात न्हाई, पानी. पानी कुनाच्या डोळ्यात हाय का बगा."

एका भाच्यानं रडका चेहरा टाकला. गालावर दोन धारा. सुभानरावांनी फोन पुढं केला. मथुराबाईंनी त्यांचाच चष्मा लावून तो चेहरा बराच वेळ पारखला.

"हे कोन?"

"भाचा. पण तो क्रिकेटमध्ये हरले तरी हाच टाकतो."

"मग न्हाई चालायचं."

तेवढ्यात उदयसिंहरावांचं आलं. 'भावपूर्ण श्रद्धांजली. जाताना त्यांनी काही हटवलं नाही, हे विशेष.' उत्तर लिहायला अंगठा शिवशिवू लागला, पण मेलेल्या माणसानं उत्तर काय द्यायचं. त्यात फोन वाजायला लागला. हा उचलेना, कारण हा मेलेला. ती उचलेना, कारण ती म्हणे, खोटं लिहिणं येगळं आणि खोटं बोलणं येगळं. घड्याळ शाळा सुटायच्या दिशेनं निघालं होतं. संयोगितानं फोन उघडला आणि हे खरं मानलं, तर सुतक. खोटं आहे असं कळलं, तर भाचा देणार का असल्या येड्यांच्या घरात? सुभानराव घाबरले. रडो न रडो, काढलंच पाहिजे. त्यांनी मेसेजवर अंगठा दाबला. दोन पर्याय आले. 'सर्वांसाठी हटवा'. 'माझ्यासाठी हटवा'.

हजार वेळा केलेलं काम. पण चष्मा होता मथुराबाईंच्या नाकावर.

बातमी गेली. सुभानरावांनी सुस्कारा सोडला. तरी हात काही थांबेनात. जोडलेले हात येतच राहिले.

ब्लाउज शिवायला टाकून मिताली घरी आली ती दारातूनच फोन दाखवत. भाऊकीतल्या मैत्रिणीनं तिला आजोबा गेल्याचं कळवलं होतं, आणि आजोबा पुढ्यात चड्डी-बनियनवर बसले होते.

"आबा, आ शुं कर्युं तमे? काय केलंत हे?"

सगळं ऐकून तिनं त्यांचा फोन घेतला आणि मटकन खाली बसली. "तुम्ही 'माझ्यासाठी' दाबलंत. तुमच्याकडून गेलं. बाकी सगळ्यांकडे तुम्ही मेलेलेच आहात."

"मग सर्वांसाठी दाब की."

"कशावर दाबू? तुमच्याकडे तो मेसेजच नाही आता."

"म्हणजे भाऊकीत मी मेलोय आणि मलाच माहीत नाही?"

"तसंच समजा. आता तो फक्त दुसरा ॲडमिन काढू शकतो."

दुसरा ॲडमिन कोण, ते भिंतीवरच्या पालीलाही ठाऊक होतं.

"त्यापेक्षा मी मेलेला बरा," सुभानराव म्हणाले.

"आबा, रविवार," मिताली एवढंच बोलली. म्हातारा विजार चढवायला उठला.

आता मेलेला माणूस दिवसाढवळ्या बडोद्यातून न्यायचा कसा? मितालीनं आपली फुलाफुलांची ओढणी त्यांच्या तोंडाला बांधली, उन्हात पोरी बांधतात तशी, डोळे तेवढे उघडे. स्कूटीवर मागं बसवलं आणि निघाली. पहिल्याच सिग्नलला समोरून येणारी मोटारसायकल वळून शेजारी येऊन थांबली. भाऊकीतला विश्वंभर मोहिते. हँडलला झेंडूचा हार लटकवलेला.

"मिताली," विश्वंभरनं गळा जड केला. "धीर सोडू नकोस. सगळ्यांनाच जायचंय. ही कोण?"

"फ्रेंड छे," मिताली म्हणाली.

फ्रेंड हाराकडे बघत होती. हार शिळा होता. ओढणीच्या आतून काहीतरी बाहेर पडणार, तेवढ्यात सिग्नल सुटला आणि मितालीनं स्कूटी अशी पिळली, की फ्रेंडची मान मागं गेली.

वासण्याला उदयसिंहराव घरातल्या हिंचक्यावर झोके घेत, पाय हलवत बसले होते. पांढरे कपडे घालून तयार. पायात चपला तेवढ्या चढवायच्या राहिल्या होत्या. फुलाफुलांची ओढणी दारात आली. ओढणी सुटली. आतून मिशी निघाली.

हिंचका थांबला.

"नमस्कार, उदयराव," सुभानराव म्हणाले.

"नमस्कार, सुभानराव. आपण तर..." त्यांनी बोटानं वर दाखवलं.

"एक काम होतं. आपण मला काढावं."

"कुठून?"

"मेलेल्यातून. म्हणजे ग्रुपवरून. म्हणजे मला नाही, माझ्या मरणाला."

मितालीनं मध्ये पडून कावळ्यापासून फ्रेंडपर्यंत सगळं सांगितलं. उदयसिंहराव ऐकत होते. आधी त्यांचं पोट हललं. मग खांदे. मग चष्मा मथुरावहिनींच्या नाकावर काय करत होता, असं काहीतरी विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि ते बंदच होईना. हिंचका धरून माणूस हसत होता. डोळ्यांतून पाण्याच्या धारा गालावरून सदऱ्यात उतरल्या.

मितालीनं त्याच क्षणी आजीला व्हिडिओ लावला आणि फोन त्यांच्या तोंडापुढं धरला. तिकडं तरसालीत मथुराबाई विश्वंभरला चहा देत होत्या.

"हे कोन? उदयभावजी? रडत्यात?"

"हो आजी. आबांवरूनच."

मथुराबाईंनी निरखून बघितलं. "झालं. पानी ते पानी. काढा म्हनावं आता."

उदयसिंहरावांनी सदऱ्यानं तोंड पुसलं. "काढतो. पण माझा दसऱ्याचा फोटो परत ग्रुपवर जाईल. आणि आपण खाली लिहायचं, 'शोभतंय'."

"घोडा वरातीचा आहे," सुभानराव म्हणाले.

"मग आपण मेलेले आहात."

सुभानरावांनी मितालीकडं बघितलं. दात आवळून मान हलवली.

मरणाची बातमी गेली. पण मिताली म्हणाली, हात आहेत की अजून. हात, शांती, 'सुभानकाका गेले', हे संयोगितानं बघितलं तर? मग दोघे ॲडमिन एकाच हिंचक्यावर मांडीला मांडी लावून बसले आणि श्रद्धांजल्या खुडू लागले, भाजी निवडतात तशा. "हा भाचा राहिला." "तो माझ्याकडं आहे, तुम्ही खालचा घ्या." मध्येच सुभानराव एखाद्या हातावर थांबून विचारायचे, "यानं एवढ्या उशिरा का जोडले?" उदयसिंहराव म्हणायचे, "मेल्यावर तरी मोजू नका."

शेवटचा हात निघाला आणि उदयसिंहरावांचा फोन वाजला. संयोगिता. मितालीनं ओढणीचं टोक तोंडात धरलं.

"काका, ग्रुपवर झालंय काय?" संयोगिता विचारत होती. "वरपासून खालपर्यंत नुसतं हटवलंय, हटवलंय. चांगलं आहे ना सगळं?"

उदयसिंहरावांनी सुभानरावांकडं बघितलं. सुभानराव हात जोडून बसले होते, खरे हात.

"अगं काही नाही," उदयसिंहराव म्हणाले. "सुभानराव उठले, दुसरं काय. घाणेरडं काहीतरी लिहिलं, सगळे त्यांच्या अंगावर गेले. मग मी सगळंच काढलं."

"हात्तिच्या. मला वाटलं काही विशेष आहे. त्यांना म्हणावं, रविवारी पाहुण्यांपुढं तेवढं तोंड सांभाळा."

मितालीच्या तोंडातून ओढणी सुटली. सुभानरावांना जन्मभर ज्या तोंडानं बुडवलं, त्यानं आज पहिल्यांदा काही तरी वाचवलं होतं, आणि तेही बंद राहून.

घरी आले तर विश्वंभर अजून बसलेला. त्यानं सुभानरावांना बघितलं, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, आता इतक्या लांबून आलोच आहे तर सांत्वन करूनच जातो. केलंही. हार मथुराबाईंनी ठेवून घेतला, पाणी मारलं, आणि रविवारी तो साखरपुड्याला दारावर चढला. धैर्यशीलच्या आईनं वाकून विचारलं, तोरण कुठून आणलं, छान आहे. सुभानरावांनी तोंड उघडलं. मथुराबाईंनी त्यात पेढा घातला.

सोमवारी सकाळी ग्रुपवर घोडा आला. घुंगरांसकट. सुभानरावांनी दात घासायच्या आधी लिहिलं, 'शोभतंय'. चहा होईस्तोवर ते त्यांना गिळवेना. त्यांनी शब्दावर अंगठा दाबला, पर्याय आला, दाबला. शब्द गेला. म्हातारा खुशीत दात घासायला गेला.

मितालीनं आपल्या फोनवर बघितलं. घोड्याखाली 'शोभतंय' तसंच होतं, आणि त्याखाली उदयसिंहरावांचे जोडलेले हात.

आबांचा चष्मा फ्रिजवर होता. तिनं तो तिथंच राहू दिला.