साखळीला राळ

मोटारसायकलच्या साखळीला राळ लावणारा भिवंडीतला पहिला माणूस मी. दुसरा अजून तरी झालेला नाही.

हे मी का केलं ते सांगायला हवं, नाहीतर माझ्या डोक्याबद्दल तुमचा गैरसमज होईल. म्हणजे व्हायचा तो पुढे होईलच, पण निदान क्रमानं व्हावा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कामतघरच्या एका कारखान्यात मी कापड तपासायला होतो. मागावरून उतरलेला तागा टेबलावर पसरायचा, तुटलेला धागा किंवा तेलाचा डाग दिसला की खडूनं खूण करायची, एवढंच काम. मागाला हात लावायची मला परवानगी नव्हती, आणि ती का नव्हती हे माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. पण दिवसभर मागांच्या खडखडाटात बसलं की माणसाला वाटायला लागतं, आपल्यालाही यंत्र कळतं.

कारखान्यात एक गोष्ट मी रोज बघायचो. मागाचा चामड्याचा पट्टा चीं-चीं ओरडायला लागला की आमचा जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती करणारा मिस्त्री, खिशातून राळेची पुडी काढायचा. चिमूटभर भुकटी फिरत्या पट्ट्यावर टाकली की पट्टा गप्प. तरी घसरलाच, तर कापून आखूड करायचा आणि ताणून बसवायचा.

तेव्हा माझी मोटारसायकल चीं-चीं करायला लागली, तशी मी जॉबरची पुडी मागून आणली. कशाला हवी, हे त्यानं विचारलं नाही. मी साखळीचा पत्रा काढला, सगळी पुडी साखळीवर रिकामी केली, मागच्या चाकाचे नट ढिले करून चाक मागं ओढलं आणि साखळी अशी ताणली की नखानं वाजवावी.

राळ चिकट. आमच्या भागात हवेत कापसाचे तंतू चोवीस तास उडत असतात. तीन दिवसांत साखळीला भरघोस मिशा फुटल्या. चीं-चीं बंद झालं, हे खरं. त्याऐवजी ‘कट्ट... घर्र... कट्ट’ असं सुरू झालं, आणि ते चीं-चींपेक्षा लांबवर पोचायचं.

त्याच आठवड्यात आम्ही सासुरवाडीला, अंजूरला गेलो. गावात शिरलो तशी दोन्ही बाजूंच्या घरांतली माणसं ओट्यावर आली. एक म्हातारा हातातली विळी तशीच घेऊन उभा राहिला. माझ्यामागं बसलेल्या बायकोनं पदर पार हनुवटीपर्यंत ओढून घेतला. दारात सासरे उभेच होते.

“जावईबापू,” ते म्हणाले, “भाताची गिरनी घेतलीव क काय? आमी गोनी घेऊनच येनार व्हतो दलायला.”

घरी परतल्यावर बायकोनं एकच अट घातली. रागावली की तिच्या तोंडी माहेरची बोली यायची. “रविवारी माज्या बहिनीचा साखरपुडा हाय. या गारीचा आवाज गावात कुनाला ऐकू आला, त सोमवारी गारी इकायची. काल्हेरचा मानूस दोनदा इचारून गेलाय. आवाज बंद झाला त ऱ्हाऊ द्या. मी पुन्यांदा बोलनार न्हाय.”

ती मोटारसायकल माझा जीव होती. दोन मालक बघून आलेली, टाकीला पोचे पडलेली. पण तिच्यावर बसलं की मी कापड तपासणारा राहत नसे. हाताशी चार दिवस होते.

मी कामाला लागलो. रेशनचं रॉकेल परातीत ओतलं. परात घरातलीच, कणीक मळायची. त्याबद्दल जे बोलणं झालं ते इथं लिहीत नाही. साखळी काढून भिजत घातली, जुन्या ब्रशनं एकेक कडी घासली, पुसली, तेल दिलं. परत चढवताना आधी होती तितकीच घट्ट ताणली, कारण घट्टपणात माझी चूक असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मग कामतघरच्या नाक्यापर्यंत एक फेरी मारली. आवाज बंद! मी चाळीच्या दारात गाडी उभी करून राजासारखी हाक मारली, “अहो, या. बसा.”

ती बसली. गाडी दहा पावलं गेली आणि खालून आवाज आला, ‘घर्र... कट्ट.’

मी थांबलो. तिला उतरवलं, एकट्यानं फेरी मारली. आवाज नाही. तिला बसवलं. आवाज आला. असं तीनदा झालं. तपासणी हा तर माझा धंदाच. निष्कर्ष काढल्याशिवाय राहवेना.

“एकटा असलो की आवाज येत नाही,” मी म्हणालो. “म्हणजे दोष गाडीत नाहीये.”

“मग कशात हाय?”

“वजनात.”

ती उतरली आणि चालत घरी गेली. त्या दिवशी तिच्या ताटात वांग्याचं भरीत होतं, पण मला ते वाढलं गेलं नाही, दिसलं फक्त.

शुक्रवारी माग बंद असतात. आठवड्यातून त्या एका दिवशी आमच्याकडे माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येतं. नमाज आटोपून जॉबर चाळीत आला. मी सगळं सांगितलं, राळेसकट. तो आधी इतका हसला, की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

“अरे साहब! पट्टा चमड़े का होता है, पकड़ से चलता है, इसलिए राल. इसके तो दाँत हैं, दाँत! दाँत को क्या पकड़ना?”

मग वजनाचा मुद्दा निघाला. तो गंभीर झाला. “भाभी को बुलाओ.”

“ती येणार नाही.”

“साखरपुडा आपका है कि मेरा?”

ती आली. माझ्याकडे न बघता आली. जॉबरनं आम्हा दोघांना गाडीवर बसवलं, गाडी स्टँडवर नाही, सरळ जमिनीवर. मी पाय टेकून तोल धरला. चाळीच्या गॅलरीत एव्हाना गर्दी झाली होती. वरून शेजारी ओरडला, “काय हो, पाव तास बसलायत गाडीवर! कुठवर पोचलात?”

जॉबरनं साखळीखाली बोट घालून वर उचलून पाहिली. सळईसारखी ताठ. मग म्हणाला, “अब उतरो.” आम्ही उतरलो. साखळीत थोडा ढिलेपणा आला. पुन्हा बसलो, पुन्हा ताठ. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माणसं बसली की मागचे स्प्रिंग दबतात आणि साखळी आणखी ताणली जाते. मी एकटा असताना ती कशीबशी सोसायची. दोघं बसलो की तिला हलायलाही जागा उरायची नाही. म्हणजे वजनाबद्दल मी बोललो ते खोटं नव्हतं. पण ताणणारा मीच होतो.

“बोलू नका आता काही,” बायको म्हणाली. तिला माझा चेहरा वाचता येतो.

जॉबरच्या सांगण्यावरून मी साखळी दोन बोटं हलेल इतकी सैल केली. पुढं पेच होता तो ऐकण्याचा. चाळीस वर्षं मागांत काढून जॉबरचे कान गेले होते. “भाभी, आप बैठो और सुनो. मेरे कान तो लूम खा गए.”

आम्ही एक फेरी मारून आलो. घर्र गेलं होतं. “एक बारीकसा राहिलाय,” ती म्हणाली. “माझ्या पायाखालून येतोय. चाक एकदा फिरलं की एकदा. घासल्यासारखा.”

मला तोही ऐकू आला नव्हता.

जॉबरनं कोनावरचं, म्हणजे पुठ्ठ्याच्या शंकूवर गुंडाळलेलं, लांब सूत मागवलं. एक टोक मागच्या चाकाच्या मागं धरलं, दुसरं ताणून पुढच्या चाकापर्यंत नेलं. सूत मागच्या चाकाला एकाच कडेला टेकत होतं. चाक तिरकं बसलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला कबूल करावं लागलं, की नट आवळताना डावीकडचा सायलेन्सरच्या आड होता, हात पोचत नव्हता, म्हणून दोन्हींचे आटे मी उजव्या नटालाच दिले होते.

“वा!” तो म्हणाला. “कपडे में दाग ढूँढते हो, और यहाँ?”

चाक सरळ झालं. तिनं आणखी एक फेरी मारायला लावली, डोळे मिटून बसली, आणि उतरल्यावर नुसती मान हलवली. ती होकाराची होती की ‘बघू’ची, हे रविवारपर्यंत कळलं नाही.

रविवारी अंजूरला जाताना मी कान साखळीला लावून गाडी चालवली. गावात शिरलो. ओट्यावर कुणी आलं नाही. विळीवाला म्हातारा पाठमोरा बसून काहीतरी सोलत होता. त्यानं मान वळवली नाही. एक कुत्रं रस्त्यात झोपलं होतं, त्याला मला पायानं उठवावं लागलं. आम्ही दारात गाडी लावली, चपला काढल्या, आत गेलो. सगळे मागच्या पडवीत पाहुण्यांच्या गडबडीत. हातपाय धुवायला पाणी कुणी आणलं नाही. पाच मिनिटांनी सासरे पुढं आले आणि आम्हाला पाहून दचकले.

“तुमी कवा आलाव? चालत आलाव क काय?”

मला इतका आनंद झाला, की मी साखरपुड्यात दोन वेळा जेवलो. मग परतीची वाट धरली. खालून साखळीचा आवाज नाही, मागून बायकोचा नाही. मी वाट बघत होतो. काल्हेरचा माणूस डोळ्यांपुढं यायला लागला. शेवटी चाळीच्या दारात गाडी थांबली, ती उतरली, पदर नीट केला आणि म्हणाली,

“गारी ऱ्हाऊ द्या. पन पुढच्या खेपेला गावात शिरताना हॉर्न तरी वाजवा. माहेरी आल्ये मी, कुनाला कलाया नको?”