मखर, माइक आणि चारशे तेरावा गेम

माझे सासरे अण्णा नागपूरच्या एका शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि लग्नाला नऊ वर्षं होऊनही आपला जावई करतो काय, हे त्यांना कळलेलं नव्हतं.

यात त्यांचा दोष नाही. ऑफिसात बसून मीही या प्रश्नावर अनेकदा विचार केलेला आहे. पण अण्णा शेजाऱ्यांना "जावई कॉम्प्युटरमध्ये असतात" असं सांगत, ते एखादा माणूस विहिरीत असल्याचं सांगावं तसं. २००४ साली ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, पार्सिपनीला आले आणि मी ठरवलं, या गणपतीत सोक्षमोक्ष लावायचा. आपल्याला काय येतं ते अण्णांना एकदा दाखवूनच द्यायचं!

भपक्याला माझा तात्त्विक विरोध आहे. (दुसऱ्याच्या.) मंडळातल्या थर्माकोलच्या राजवाड्यांवर मी वर्षानुवर्षं जेवणाच्या रांगेत उभा राहून टीका केलेली आहे. पण मी केला तो भपका नव्हता, ते तंत्रज्ञान होतं. माझ्या कॉम्प्युटरच्या डब्याला एका बाजूनं काच होती आणि आत निळ्या ट्यूब. त्या आवाजाच्या तालावर लुकलुकाव्यात म्हणून मी इंटरनेटवरून प्लगइन नावाचं एक जोड-प्रोग्रॅमचं ठिगळ उतरवलं, त्यात महिनाभर खाटखूट केली आणि मखराच्या रंगीत माळाही त्याच डब्याला जोडल्या. आरती वाजणार, दिवे नाचणार! अडचण एकच होती. प्लगइनला कॉम्प्युटरच्या आतला आवाज ऐकू येईना, म्हणून मी मखरासमोर माइक ठेवला. मग त्याला घरातलं सगळंच ऐकू येऊ लागलं. कुकरची शिट्टी झाली की मखर हिरवं. माझ्या बायकोनं, मेधानं, मला हाक मारली की लाल.

"हे बंद करता येतं का रे?" मेधानं विचारलं. (मखर भडक लाल.)

"हळू बोल," मी म्हणालो. (फिकट पिवळं.)

त्याच कॉम्प्युटरवर मी येणाऱ्या पोरांसाठी माझ्या लहानपणीचे व्हिडिओ पार्लरमधले चारशे बारा गेम भरले होते. नव्या कॉम्प्युटरला जुन्या यंत्राचं सोंग घ्यायला लावणारा एम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम असतो, त्यावर ते चालतात. डिस्क भरत आली, तशी मी ते कॉम्प्रेस करायला घेतले. अण्णा मागे येऊन उभे राहिले.

"हे काय करून राहिले, जावईबापू?"

"गेम दाबून लहान करतोय, अण्णा. आपण इकडे येताना बॅगेवर बसून चेन लावतो ना, तसं."

"मग काढताना चुरा नाही होत?"

"एक कणसुद्धा नाही!"

"आमच्या चकल्यांचा झाला," अण्णा म्हणाले आणि पेपर वाचायला निघून गेले.

गणपतीच्या दिवशी सकाळी निम्मे गेम दाबायचे राहिले होते. एकेक करत बसायला वेळ कुठला! मी चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. 'जुनं' नावाच्या फोल्डरमधलं सगळं दाबा, मूळ प्रत पुसा आणि एम्युलेटरच्या यादीत घाला. चार ओळी! मी स्वतःचीच पाठ थोपटली. त्या आनंदात माझ्या लक्षात आलं नाही, की पुण्याहून आणलेल्या सीडीवरची आरतीसुद्धा मी शिस्तीनं 'जुनं'मध्येच ठेवली होती. आरती जुनीच असते!

दुपारी पंचवीस-तीस मंडळी जमली. उदबत्तीच्या धुरानं बोंबलू नये म्हणून स्मोक अलार्मला शॉवर कॅप घातली. (इथल्या पूजेचा हा पहिला विधी.) आमच्यातल्या बहुतेकांना आरतीचं पहिलं कडवं येतं आणि पुढे नुसते ओठ हलतात, म्हणून रेकॉर्डिंग लागतं. मेधानं निरांजन लावलं. मी सोवळं नेसून, अण्णांकडे एक अर्थपूर्ण कटाक्ष टाकून, माउस दाबला.

आरती आता चारशे तेरावा गेम झाली होती. एम्युलेटर उघडला, त्यानं आरतीत खेळण्यासारखं काही शोधलं, ते सापडेना, तेव्हा त्यानं सरळ यादीतला पहिला गेम सुरू केला. ढिश्क्यांव! मखर लाल. ढिश्क्यांव! हिरवं. धडाम! बाप्पा जांभळे. निम्म्या लोकांनी ठेका धरून टाळ्या सुरू केल्या.

"रिमिक्स आहे का यार?" माझा मुंबईकर मित्र साने कानात म्हणाला.

"बाबा, दॅट्स लेव्हल टू!" आमची आठ वर्षांची सई किंचाळली.

"बंद कर!" मेधा.

मी बंद करायला जे बटण दाबलं, ते गोळी झाडायचं निघालं. मी आणखी जोरात दाबलं. पुढची दोन मिनिटं मी सोवळ्यात, गणपतीसमोर, मागे हात जोडलेले पाहुणे उभे असताना, शत्रूची अंतराळयानं पाडत होतो. (चांगली पाडत होतो, हेही सांगायला हवं.) शेवटी माझं यान फुटलं, गेम संपला आणि मखर काळंठिक्कर पडलं.

निरांजन हातात घेऊन मेधानं माझ्याकडे पाहिलं. निरांजनापेक्षा ती जास्त पेटलेली होती. नऊ वर्षांनी अण्णांना कळलं होतं, आपला जावई करतो काय.

आणि अण्णांनी खणखणीत आवाजात आरती सुरू केली.

चाळीस वर्षं बिनमाइकचं मैदान गाजवलेला आवाज तो! मखर असं उजळलं, की साने एक पाऊल मागे सरला. अण्णा दचकून थांबले. अंधार. पुन्हा एक ओळ म्हणाले. लख्ख.

"जावईबापू, हे माझ्या आवाजानं होऊन राहिलं?"

"हो, अण्णा."

"तुम्ही केलं?"

"मीच केलं."

पहिल्या नंबराच्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांना जोर चढला. खालच्या पट्टीत निळा, वरच्या पट्टीत लाल. एकामागून एक आरत्या. शब्द येत नसलेले लोकही दिवा पेटावा म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडू लागले.

"अण्णा, मोदक गार होतायत," सातव्या आरतीनंतर मेधा म्हणाली.

"थांब गं! अजून जांभळा नाही आला."

माझी छाती एवढी फुगली, की सोवळं सावरावं लागलं.

अण्णा नागपूरला परतले आणि आठवड्याभरात त्यांचा फोन आला.

"जावईबापू, आता सगळ्या कॉलनीला नीट समजावून सांगितलं, तुम्ही काय करता ते."

मी खुर्चीत सरसावून बसलो. "काय सांगितलंत, अण्णा?"

"आमचे जावई अमेरिकेत लायटिंगवाले आहेत म्हणून! शेजारच्या देशपांडेंच्या मुलीचं डिसेंबरात लग्न आहे. मांडव तुमच्याकडे. मी शब्द देऊन बसलो."

मी दुसऱ्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला. इतक्या वर्षांच्या नोकरीत, मला काय येतं हे नेमकं ओळखून कोणी काम सांगण्याची ती पहिलीच वेळ होती.