भासरे मंत्री आणि तलावाचं बिल

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही, तेवढं सांभाळून घ्या. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे छापायला लिहीत नाही. गावच्या बाया विचारतात, त्या दिवशी नागपूरला नेमकं काय झालं. तोंडाने सांगायला गेले की चार माणसं जमतात आणि माझं बोलणं आखडतं. म्हणून कागदावर.

तर त्या दिवशी विधानसभेत अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले, पदर डोक्यावर घेतला. समोरच्या बाकावरचे मंत्री खाकरले, उठले आणि सभागृहाबाहेर निघून गेले.

ज्यांच्या बिलावर मी बोलणार होते तेच मंत्री. विरोधी बाकांवर एकदम आरडाओरडा सुरू झाला. बाई बोलायला उठली की मंत्री निघून जातात, हा महिलेचा अपमान आहे, असं सगळे म्हणू लागले. काही जण अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिले. त्या जागेला वेल म्हणतात. अध्यक्षांनी पाव तासासाठी कामकाज थांबवलं.

अपमान झाला नव्हता. त्या सभागृहात ते फक्त दोघांना माहीत होतं, मला आणि त्यांना.

मंत्री आमच्याच गावचे. गाव आसगावच्या पुढे आहे. माझ्या मालकांचे मोठे चुलतभाऊ, म्हणजे माझे भासरे. आमच्याकडे सून भासऱ्यांशी बोलत नाही. भासरेही रीत पाळतात. अंगणात यायच्या आधी खाकरतात. सुनेला चार लोकांत काही बोलायचं असेल तर उठून बाजूला होतात, म्हणजे तिला मोकळं बोलता यावं. लग्न होऊन आले तेव्हापासून आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. निवडणुकीत ते माझ्याविरुद्ध प्रचाराला फिरले, पण माझं नाव कोणत्याच सभेत घेतलं नाही. "त्या बाजूच्या उमेदवार" एवढंच म्हणायचे. मी निवडून आले तेव्हा जाऊबाईंच्या हातून साडी पाठवली.

आमचा पक्ष लहान. सभागृहात मी एकटीच. बोलायचा वेळ पक्षाच्या आमदारांच्या संख्येवर वाटून देतात, म्हणून मोठ्या पक्षाला तास आणि मला तीन मिनिटं, तीही सगळ्यात शेवटी. तोवर अर्धे लोक चहाला गेलेले असतात. याचं मला वाईट वाटत नाही. कमी लोक असले की माझा आवाज नीट निघतो.

बिल तलावांचं होतं. आमच्या जिल्ह्यात गावागणिक तलाव आहे. पाणी धानाला जातं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठच्या चिखलातून बाया कमळाचे कंद काढतात. त्याला आम्ही ढेस म्हणतो. सानगडीच्या बाजारात ती चांगली खपते. बिलात लिहिलं होतं की तलाव मासोळीसाठी ठेकेदाराला दहा वर्षं द्यायचा, आणि त्याच्याशिवाय कोणी तलावात उतरायचं नाही. उतरलं तर दंड. लाखांदूरकडच्या काही तलावांवर हा प्रयोग आधीच चालू होता. तिथे ठेकेदाराच्या राखणदाराने ढेस काढणाऱ्या बायांकडून दंड घेतला होता. आता तेच सगळ्या जिल्ह्याला लागू होणार होतं.

यमुनाबाई त्यातलीच एक. अधिवेशनाच्या आधी एसटीने माझ्या घरी आली. ढेसेवर तिचा उन्हाळा निघतो.

"आम्ही त्याच्या मासोळीले हात नाही लावत," ती म्हणाली. "ढेस त्याच्या बापानं पेरली काय?"

मी म्हटलं, मी दुरुस्ती देते. दुरुस्ती म्हणजे बिलातल्या एखाद्या कलमात काय बदल हवा ते आधी लिहून द्यायचं. मग तुमची पाळी आली की उभं राहून मांडायचं. मांडलं नाही तर ते बाद.

"देशीन, पण बोलशीन का तिथं? का भासरे दिसले का पदर घेऊन बसशीन?"

"बोलीन," मी म्हटलं.

आमच्या पक्षाचे सरचिटणीस वकील आहेत. त्यांनी दुरुस्ती लिहून दिली. "तलावात उतरू नये" याच्या आधी "मासेमारीसाठी" एवढंच घालायचं. आणि आतापर्यंत घेतलेला दंड परत करायचा.

आता पुन्हा त्या पाव तासाकडे येते. सभागृहाबाहेरच्या लांब व्हरांड्याला लॉबी म्हणतात. तिथे वकीलसाहेब माझ्याकडे जवळजवळ धावतच आले. फार खूश होते.

"ताई, आज नशीब उघडलं. हक्कभंग आणू."

हक्कभंग म्हणजे आमदाराचा मान सभागृहात मोडला अशी तक्रार. त्यावर मंत्र्याला माफी मागावी लागू शकते. मोठ्या विरोधी पक्षाचे दोघे-तिघेही आले. म्हणाले, ताई, आम्ही सगळे तुमच्या मागे आहोत, आज कामकाज चालूच देत नाही. याआधी त्यांच्यापैकी एकानेही माझी ओळख दाखवली नव्हती.

मी विचारलं, "कामकाज चाललं नाही तर बिल थांबते काय?"

वकीलसाहेब म्हणाले, "थांबत नाही. गोंधळात पास करतात."

ते असं होतं. अध्यक्ष कलम वाचतात. बाजूचे "होय" म्हणतात, विरोधातले "नाही" म्हणतात. त्याला आवाजी मतदान म्हणतात. गोंधळात कोण काय म्हणालं ते कळत नाही, आणि संख्या सरकारकडेच असते. दुरुस्त्या कोणी ऐकत नाही. पाच मिनिटांत कायदा होतो.

"म्हणजे पेपरात फोटो माझा येईल आणि दंड यमुनाबाई भरेल," मी म्हटलं. "मले गोंधळ नको."

"अहो, पण तुमचा अपमान झाला ना."

"नाही झाला. ते भासरे आहेत माझे."

वकीलसाहेब नागपूरचे. त्यांनी कपाळाला हात लावला.

मंत्री खिडकीजवळ आमच्याकडे पाठ करून उभे होते. मी त्यांच्यापासून चार हात अंतरावर जाऊन भिंतीकडे तोंड केलं आणि वकीलसाहेबांना म्हटलं, "त्यांना म्हणा, रीत पाळली ते मले समजलं."

वकीलसाहेब त्यांच्याकडे वळले, तोवर मंत्री खिडकीकडे पाहतच म्हणाले, "त्यांना म्हणा, लोकं उगाच बोंबलून राहिले."

"म्हणा, आता मात्र आत बसा. तुम्ही बाहेर गेले तर ऐकन कोण?"

"म्हणा, मी समोर बसलो तर त्या बोलतीन कशा?"

"म्हणा, तिथं कोणीच कोणाशी बोलत नाही. सारे अध्यक्षांशी बोलतात. मी पण त्यांच्याशीच बोलीन."

वकीलसाहेबांची मान इकडून तिकडे फिरत होती. शेवटी ते म्हणाले, "दोघांनाही ऐकू येतंय की. मी करू काय?"

"उभे राहा फक्त," मी म्हटलं.

मग मंत्री म्हणाले, "म्हणा त्यांना, बसतो."

मी सांगितलं तो सभागृहाचा नियमच आहे. समोरच्याला "तुम्ही" म्हणायचं नाही, जे काही आहे ते अध्यक्ष महोदयांना सांगायचं. नवे आमदार इथेच चुकतात आणि अध्यक्षांचं ऐकून घेतात. मी एकदाही चुकले नाही. भासऱ्यांना काही सांगायचं झालं की आम्ही दाराच्या चौकटीला सांगतो, आणि ते पलीकडे ऐकतात. माझं सारं आयुष्य त्यात गेलं होतं. फक्त चौकटीच्या जागी अध्यक्ष आले.

कामकाज सुरू झालं. विरोधी लोक पुन्हा उठायच्या तयारीत होते. मी आधी उठले.

"अध्यक्ष महोदय, मंत्री मघाशी बाहेर गेले ते माझा मान ठेवायला. ते माझे भासरे लागतात. आमच्या गावात तशी रीत आहे. आता ते बसतील, कारण मी तुमच्याशी बोलते आहे."

हसू पिकलं. मागून कोणीतरी टोमणा मारला की घरचं भांडण घरी मिटवा. मी अध्यक्षांकडे पाहत राहिले. मंत्री कागदाकडे पाहत होते. पण वेलमध्ये कोणी आलं नाही, आणि मला माझी तीन मिनिटं मिळाली.

मी जास्त काही बोलले नाही. ढेस म्हणजे काय ते सांगितलं. ती कधी निघते, कोण काढतं ते सांगितलं. शेवटी म्हटलं, "ठेकेदाराला पाणी द्या, मासोळी द्या. चिखल कशाला देता?" घंटा वाजायच्या आत बसले.

मंत्री उत्तराला उठले. अध्यक्षांना म्हणाले की बाया उतरल्या तर मासोळीचं बीज तुडवलं जाईल, अशी विभागाची हरकत आहे. मी अध्यक्षांना सांगितलं की बीज पावसाळ्यात सोडतात आणि ढेस उन्हाळ्यात काढतात. मंत्र्यांना हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण विभागाची नोट वाचणं त्यांचं काम आणि उत्तर देणं माझं.

मग ते म्हणाले की सदस्यांची सूचना योग्य आहे, सरकार स्वतःच तशी दुरुस्ती मांडेल, त्यांनी आपली मागे घ्यावी. वरच्या गॅलरीतून वकीलसाहेब हाताने नाही-नाही करत होते. मागे घेतली की नाव सरकारचं होतं, आमच्या पक्षाला काही मिळत नाही.

मी उठले. "मागे घेते, अध्यक्ष महोदय. पण आधी दंडाचं काय ते कळावं."

मंत्र्यांनी मागे बसलेल्या अधिकाऱ्यांना चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं, त्यांनी ते वाचलं आणि खिशात घातलं. मग अध्यक्षांकडे पाहून म्हणाले, "प्रयोगात घेतलेला दंड पूर्ण परत केला जाईल."

मंत्री सभागृहात असं बोलले की त्याला आश्वासन म्हणतात. ते लिहिलं जातं, आणि पाळलं की नाही ते विचारायला आमदारांची एक समिती असते. मी दुरुस्ती मागे घेतली. सरकारने तीच आपल्या नावाने मांडली आणि ती मंजूर झाली.

दुसऱ्या दिवशी पेपरात मंत्र्यांचा फोटो होता. वकीलसाहेब आठ दिवस माझ्याशी मोजकंच बोलले. यमुनाबाईला फोन केला तर ती आधी चिडली.

"मागं घेतली? काहून?"

मी समजावून सांगितलं.

"म्हणजे त्यायच्या नावानं झालं."

"झालं ना?"

"झालं," ती म्हणाली.

पैसे लगेच आले नाहीत. ठेकेदार म्हणाला, पावत्या दाखवा. राखणदाराने पावत्या दिल्याच नव्हत्या. मी समितीला पत्र दिलं, आणि जाऊबाईंकडेही निरोप दिला. त्यांच्याशी बोलायला कोणती रीत आडवी येत नाही. त्यानंतर विभागाने ठेकेदाराला कळवलं की बायांचे पैसे दिल्याशिवाय त्याची अनामत सुटणार नाही. मग त्याला सगळ्या बाया आठवल्या.

यातून मी शिकले ते एवढंच, की मंत्र्यांकडून पैशाचं वदवून घेतल्याशिवाय दुरुस्ती मागे घेऊ नये. नंतर विचारायला गेलं तर सगळे मीटिंगमध्ये असतात.

पैसे ग्रामपंचायतीत वाटले. यमुनाबाईचा नंबर शेवटी आला. तिने तिथेच ओट्यावर बसून मोजले, आणि पूर्ण आहेत म्हणून अंगठा दिला.