चौकशीच्या खिडकीतल्या आत्या

शुश्रूषा या शब्दाचा आज आपण सेवा एवढाच अर्थ घेतो. परंतु त्याच्या मुळाशी ऐकण्याची इच्छा आहे. ज्याला दुसऱ्याचे ऐकावेसे वाटते, तोच पुढे त्याचे अंग पुसतो, त्याला कुशीवर वळवतो, त्याच्या ओठांशी पाण्याचा पेला धरतो. आधी कान, मग हात, असा तो क्रम आहे. मात्र जो फार ऐकतो त्याला बोलणे जड जाते, हेही तितकेच खरे. कानी आलेले दुःख जसेच्या तसे पुढे सोडायला त्याचे मन धजत नाही; ते काही काळ तो स्वतःपाशीच ठेवून घेतो. आत्यांच्या ठायी या दोन्ही वृत्ती जन्मभर एकत्र नांदल्या. दुसरीने अखेरीस घात केला.

एका मोठ्या रुग्णालयाच्या चौकशीच्या खिडकीत आत्यांचे उभे आयुष्य गेले. त्यांना आत्या म्हणण्याचा खरा अधिकार एकट्या भाच्याचा; पण झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सारे त्यांना आत्याच म्हणत. खिडकीच्या काचेला बाहेरून लोकांच्या कपाळांचे डाग पडत, कारण भ्यालेला माणूस उत्तर ऐकण्यासाठी काचेला डोके टेकवतो. आत्या ते डाग दुपारच्या जेवणाआधी ओल्या फडक्याने पुसून काढीत.

त्यांची एक रीत होती. वॉर्डातून फोनवर वाईट बातमी आली, की ती त्या काचेच्या फटीतून कधी सांगत नसत. बाजूच्या दाराने बाहेर येत, नातेवाइकासाठी खुर्ची ओढीत आणि म्हणत, "आधी बसा. पाणी घ्या." माणूस एकटा असला, तर सोबतीला कोणी येईपर्यंत "डॉक्टर बघतायत" एवढेच सांगून थांबत. हेडक्लार्क त्यांची थट्टा करी, "काय हो आत्या, यमसुद्धा तुमच्या खिडकीशी रांगेत उभा राहतो म्हणे! गेलेल्या माणसालासुद्धा तुमच्याकडे तासभर वाढवून मिळतो."

"तासभराने तुमचं काय जातं हो?" आत्या उत्तर देत. "तेवढ्यात त्याची बायको येऊन पोचते."

पुढे खिडकीच्या जागी संगणकाचा पडदा बसला. रुग्णाचा क्रमांक दाबला की प्रकृती अक्षरांत उमटे. आत्यांच्या निवृत्तीच्या आठवड्यातच कारागिरांनी काच काढून भिंतीला उभी टेकवली. आत्यांनी सवयीने तिच्यावरून फडके फिरवले आणि त्या घरी आल्या.

घर म्हणजे थोरल्या भावाच्या बंद दुकानावरच्या दोन खोल्या. दादा घड्याळजी. पत्नी निवर्तल्यावर आणि हातांना कंप सुटल्यावर त्यांनी दुकान मिटले. पण कामाचे मेज, डोळ्याला लावायचे भिंग आणि चिमटे वर आणून खिडकीशी मांडले होते. दुरुस्तीला कोणी येत नसे. दादा स्वतःचीच घड्याळे उघडीत, पुशीत आणि पुन्हा मिटीत. बहिणीला ते "खिडकी" म्हणत.

"खिडकी, आज भाजीत मीठ पडलं नाही वाटतं?"

"डॉक्टरांनी बंद केलंय."

"मग डॉक्टरला बोलाव जेवायला. मला कशाला?"

मीठ बंद झाले होते, कारण दादांचे हृदय थकले होते. अंगात पाणी साठे, श्वास लागे. रुग्णालयाने त्यांना नव्या योजनेत घेतले आणि घरालाच वॉर्ड केले. दादांच्या मनगटाला एक पट्टा बांधण्यात आला. नाडी, श्वास, झोप, सारे तो दूरच्या केंद्राला कळवी. तिथले यंत्र त्यावरून मात्रा ठरवी, आणि मेजावर ठेवलेल्या गोळ्यांच्या पेटीचे कप्पे आपोआप उघडत वा मिटलेले राहत. डॉक्टर अधूनमधून पेटीच्या छोट्या पडद्यावर दिसत.

दादांनी पट्टा भिंगाखाली धरला, उलटा केला, पालथा केला.

"ह्याला झाकणच नाही," ते म्हणाले. "जे उघडता येत नाही, त्याला घड्याळ कसं म्हणायचं? आणि वेळ विचारली तर नाडी सांगतंय! खुळंच आहे."

भाचा, म्हणजे दादांचा मुलगा, परगावी नोकरीला होता. तो गुणी मुलगा होता, परंतु धास्तीखोर. पट्ट्याने इशारा दिला की तो त्याच्याही फोनवर जाई. दादांच्या कातडीला पट्टा सोसेना. पुरळ उठे, मनगट लाल होई. ते तो काढून चिमट्यांशेजारी ठेवीत. लगेच पेटीतून गोड आवाज येई, "पट्टा हातावर नाही. कृपया पट्टा घाला." त्यामागोमाग भाच्याचा फोन ठरलेला.

"आत्या, हे असं सारखं व्हायला लागलं तर मी बाबांना वृद्धांच्या संस्थेत ठेवतो हं. तिथे चोवीस तास माणसं असतात. मला इथे ऑफिसात काम सुचत नाही गं."

दादांनी ते ऐकले. थोड्या वेळाने भिंग न काढताच ते म्हणाले, "खिडकी, मला इथनं हलवू देऊ नकोस. ह्या मेजापाशी काय व्हायचं ते होऊ दे. शब्द दे."

आत्यांनी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी दादा अंघोळीला गेले आणि पेटी बोलू लागली. आत्यांनी पट्टा उचलला आणि सहज, चष्मा सांभाळायला घ्यावा तसा, स्वतःच्या मनगटाला बांधला. पेटी गप्प झाली. दादा बाहेर आले, तेव्हा त्यांच्या हातावरचे पुरळ कोरडे आणि फिके दिसत होते. आत्या म्हणाल्या, "राहू दे जरा. हाताला वारा लागू दे."

तो वारा लागतच राहिला. आधी दुपारपुरता, मग झोपेपुरता, आणि मग दादांना पट्ट्याचा विसरच पडला. आत्यांच्या मनात कपट नव्हते. वाईट बातमी धरून ठेवायची आणि समोरचा माणूस बसेपर्यंत थांबायचे, हीच त्यांची जन्माची रीत. आता समोरचा माणूस परगावी होता, एवढाच फरक.

महिन्याभरात भाच्याचा आवाज बदलला.

"आत्या, आलेख बघितलास? बाबा काय झोपतात! नाडी कशी सरळ आहे! डॉक्टर म्हणाले, अशी सुधारणा क्वचित दिसते. सगळं तुझं श्रेय बरं का."

आत्यांना ते शब्द गोड लागले. आपण बरे केले असे क्षणभर वाटलेही. मग एके सकाळी पेटीतला, अंगातले पाणी उतरवणाऱ्या गोळीचा कप्पा उघडला नाही. आत्यांनी तो नखाने उचकटून पाहिला. गोड आवाज म्हणाला, "प्रकृतीत सुधारणा आहे. या गोळीची आज आवश्यकता नाही."

"बढती झाली माझी," दादा म्हणाले. "एक गोळी माफ!"

आत्या हसल्या नाहीत. कोणाच्या प्रकृतीत सुधारणा आहे, हे त्या खोलीत त्यांनाच ठाऊक होते.

दादांच्या पायांवर सूज चढली. बोट दाबले की खळगा पडे आणि तसाच राही. आडवे होताच श्वास कोंडे, म्हणून ते मेजाशी खुर्चीतच टेकून झोपू लागले. आत्यांनी घाबरून पट्टा पुन्हा त्यांच्या हाताला बांधला. आता यंत्राला खरे कळेल आणि तो कप्पा उघडेल, अशी त्यांची आशा होती. पेटीने नवी नाडी तपासली. मग म्हणाली, "पट्टा नीट बसलेला नाही. येणारी नाडी रुग्णाच्या नेहमीच्या नाडीशी जुळत नाही. कृपया पट्टा तपासा."

आत्यांनी तो घट्ट केला, सैल केला, दुसऱ्या हाताला बांधला. पेटी तेच म्हणत राहिली. इतक्या दिवसांत यंत्राने आत्यांची नाडी दादांची म्हणून तोंडपाठ केली होती. दादांची स्वतःची नाडी त्याला परकी झाली होती. अखेर भाच्याला इशारा जाऊ नये म्हणून आत्यांनी पट्टा आपल्या हाताला बांधला, आणि त्याच हाताने डॉक्टरांना पडद्यावर बोलावले.

डॉक्टर तरुण होते, वागायला मऊ होते. "आजी, तुमच्या पेशंटचं सगळं छान दिसतंय इथे. उगाच काळजी करताय."

"ते छान माझं आहे हो," आत्या म्हणाल्या. "पट्टा माझ्या हातात आहे."

त्यांनी हात वर करून दाखवला. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचे हसू ओसरत गेले.

"कधीपासून?"

आत्यांनी सांगितले. डॉक्टर त्यांना रागावले नाहीत. रागावले असते तर बरे वाटले असते, असे आत्यांना पुढे कितीदा तरी वाटले. त्यांनी फक्त गाडी पाठवली.

माणसे खुर्चीसकट दादांना जिन्यावरून उतरवू लागली. मेज मागे राहिले, भिंग मागे राहिले. दादांना बोलायला श्वास पुरत नव्हता. तरी वळणावर त्यांनी बहिणीकडे पाहिले.

"काय गं खिडकी... शब्द दिला होतास ना?"

"दादा, तुला बरं वाटावं म्हणून—"

"बसवलंस मात्र आधी," ते म्हणाले आणि खुर्चीच्या हातावर थोपटले. थट्टा करायची त्यांची सवय त्या अवस्थेतही सुटली नव्हती.

रुग्णालयात दादांना आत नेले आणि दार मिटले. ज्या भिंतीत पूर्वी आत्यांची खिडकी होती, तिथे पडदा उजळत होता. बराच वेळ आतून कोणी आले नाही, तेव्हा आत्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आतली बातमी विचारायला दुसरे कोणी नव्हतेच. त्यांनी भावाचा क्रमांक दाबला. अक्षरे उमटली: प्रकृती स्थिर. नाडी किंचित वाढलेली. चिंतेचे कारण नाही.

आत्यांनी ते दोनदा वाचले. त्यांचे डोळे भरून आले. देव पावला, असे त्यांच्या मनात आले. फोन वाजला. भाचा वाटेत होता. "आत्या, स्थिर म्हणतायत गं! मी पण आत्ताच बघितलं. रडू नकोस, मी येतोच."

तेवढ्यात आतून एक परिचारिका आली आणि कोणाला शोधावे तसे पाहू लागली. तिची चाल आत्यांनी ओळखली. बातमी हाती असलेले माणूस कसे चालते, हे त्यांनी जन्मभर पाहिले होते. त्यांनी हळूच स्वतःच्या मनगटाकडे पाहिले. पट्टा तिथेच होता. पडद्यावरची वाढलेली नाडी त्यांची होती.

परिचारिका काही बोलण्याआधीच आत्यांनी भिंतीशी खुर्ची शोधली. खुर्च्या आता तिथे ठेवीत नसत. त्या भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. "हं, सांगा," म्हणाल्या.

दादा गेल्याला तेव्हा बराच वेळ झाला होता.

भाचा आला. तो ओरडला नाही, भांडलाही नाही. सगळे उरकल्यावर, निघण्यापूर्वी, पायांत बूट घालता घालता एवढेच म्हणाला, "मला सांगायचंस ना आत्या."

"तू कुठे उभा असशील ते मला दिसत नव्हतं रे," आत्या म्हणाल्या.

त्याला ते कळले नाही. त्यानंतर त्याचे फोन विरळ झाले आणि मग थांबले. केंद्राचा माणूस येऊन पेटी आणि पट्टा घेऊन गेला. आत्या एकट्या राहिल्या. मेजावरच्या घड्याळांना त्या किल्ली देत नसत. ती एकेक करून थांबली, तरी कोणत्या वेळेला थांबली हे त्यांनी पाहिले नाही. छातीत दुखू लागले तेव्हाही त्यांनी कोणाला कळवले नाही. कळवण्यासारखे जवळ कोणी नव्हते, आणि पडद्याला विचारायची त्यांची इच्छा उरली नव्हती. पुढच्या हिवाळ्यात त्या खुर्चीतच गेल्या. शेजारणीने दार ठोठावले आणि मग माणसे बोलावली.

यंत्राला दोष देण्याचा मोह होतो. परंतु ज्याच्या हाताला त्याला बांधले, त्याचे त्याने अचूक ऐकले, याहून त्याच्याकडे अधिक काय मागावे? आणि आत्यांना दोष द्यावा, तर त्यांच्या त्या एका रीतीने कितीतरी अनोळखी माणसे पहिला आघात बसून सोसू शकली होती. दोष कुठे ठेवावा हे कळत नाही. म्हणून तो जिथल्या तिथे आहे.

आत्यांनी मागे ठेवलेले असे फारसे काही नाही. मेज, भिंग आणि चिमटे जुन्या सामानवाल्याने उचलले. केंद्राकडे दादांच्या नावावर एका हृदयाचे काही महिन्यांचे ठोके जपून ठेवलेले आहेत. ते आत्यांचे आहेत. आत्यांच्या नावावर तिथे काहीही नाही.