शिडीला चार मतं

गप्पांना बसलं की कुणीतरी म्हणतंच, "मास्तर, तुमच्या त्या पक्षाचं सांगा की." पक्ष चालला जेमतेम दहा-बारा वर्षं, किस्से मात्र अजून निघताहेत. खरं सांगू? त्यातले निम्मे माझे मलाच कळलेले नाहीत.

मुरुडला मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. संस्थान नुकतंच विलीन झालेलं. गावात जो तो आपापल्या समाजाचं मंडळ काढत होता. दामले वकील म्हणाले, "एक पक्ष असा काढू, ज्यात कुणीही यावं." आलो चौघं. एक मी. दुसरे आरोनभाऊ, बेने इस्रायली, तेलाचा घाणा चालवायचे. तिसरे इब्राहिमभाई, सिद्दी, संस्थानच्या जकात नाक्यावर नोकरी केलेले. चौथी हिराबाय, बाजारात मासळी विकणारी कोळीण. वकिलांसकट पाच. पक्षाला नाव दिलं 'उदारमतवादी'.

पहिल्याच आठवड्यात एक म्हातारा कोळी वकिलांच्या ओटीवर येऊन बसला.

"उदार पक्ष तो तुमचाच ना? मंग आमच्या होडीला शीड द्या."

वकिलांनी त्याला अर्धा तास उदारमतवाद समजावला. म्हाताऱ्याने मन लावून ऐकलं. उठताना म्हणाला, "म्हंजे शीड न्हाय."

*

नगरपालिकेची निवडणूक लागली. कचेरीतला कारकून फॉर्म घेऊन बसला. त्याच्या वहीत एक रकाना होता: पक्ष कोणत्या समाजाचा.

"सगळ्यांचा," मी म्हणालो.

"तसं लिहायची सोय नाही, मास्तर." बराच विचार करून त्याने 'इतर' लिहिलं.

"इतर म्हंजे कोन?" हिराबायने विचारलं.

"जे कुठंच बसत नाहीत, ते."

इब्राहिमभाई म्हणाले, "मग बरोबर लिहिलंय."

*

निशाणी मिळाली शिडी. उमेदवार हिराबाय. गावभर झालं, 'शिद्दीची शिडी'. सिद्दी मोहल्ल्यातले लोक इब्राहिमभाईंना विचारायला आले, "आपला पक्ष निघाला आणि आम्हाला सांगितलं नाहीस?" ते म्हणाले, "आपला नाही, सगळ्यांचा आहे." लोक नाराज होऊन परत गेले. इकडे कोळीवाड्यात हिराबायला विचारत होते, "तू शिद्द्यांकडून कशी काय उभी?"

इतका घोळ होऊनही हिराबाय निवडून आली. कशी, ते आम्हाला कळलं नाही. वकिलांना विचारलं, तर म्हणाले, "विचारू नका. मोडेल."

*

त्यानंतरचं वर्ष आमच्या भरभराटीचं. सभेला बाजारचौक भरायचा. एकदा वकील रंगात येऊन म्हणाले, "या पक्षात कुणी उच्च नाही, कुणी नीच नाही."

समोर भुईवर बसलेली हिराबाय उठून उभी राहिली. "मंग वकीलसाहेब, खुर्च्या चार आणि मी मेंबर असून खाली का?"

वकील लालबुंद झाले. चूक माझी होती, खुर्च्या मीच मांडल्या होत्या. मी उठलो, "बस, बाय." ती म्हणाली, "आता न्हाय बसत." मग आरोनभाऊ उठून तिच्या शेजारी भुईवर जाऊन बसले, त्यांच्यामागून इब्राहिमभाई, मी, शेवटी वकील. उरलेली सभा चार रिकाम्या खुर्च्यांसमोर झाली. मान वर करून बघायचं धाडस मला झालं नाही.

*

पुढे भाषेच्या राज्याची चळवळ पेटली. लोक विचारू लागले, "तुम्ही कुणाकडून?" वकील तासभर बोलले. एका बाजूला वाटलं, हे दुसऱ्यांचे. दुसऱ्यांना वाटलं, हे पहिल्यांचे. चौक रिकामा झाला.

पुढच्या निवडणुकीत हिराबाय पुन्हा उभी राहिली. आम्ही पाचही जण तिच्याच वॉर्डातले. शिडीला मतं पडली चार.

निकालानंतर आम्ही वकिलांच्या ओटीवर जमलो. मी माझं मत दिलं होतं, पण शपथ घेऊन सांगावंसं वाटलं नाही. जो आधी सांगेल त्याचाच संशय येणार. हिराबाय म्हणाली, "इचारू नका कोनी. माझं मी दिलंय का, तेबी इचारू नका."

महिन्याभरात वकील मोठ्या पक्षात गेले.

*

आरोनभाऊ बायकामुलांना घेऊन इस्रायलला निघाले, तेव्हा मी धक्क्यावर लाँचपर्यंत पोचवायला गेलो.

"तिकडे सगळे आपलेच आहेत म्हणतात," ते म्हणाले.

"आणि इथे?"

"इथेही आपलेच, मास्तर. तेच तर कळत नाही." मग हळूच म्हणाले, "माझं नाव पक्षाच्या वहीतून काढू नका."

*

नाव काढलं नाही, पण पक्षात काही राहिलंही नव्हतं. शेवटी एका दुपारी आम्ही तिघं शाळेत जमलो. मी ठराव वाचला: पक्ष विसर्जित करावा. हिराबायने ठरावाच्या बाजूने हात वर केला. मी केला. इब्राहिमभाईंनी नाही केला.

"भाई, विरोधात?"

"विरोधात. लिहून घ्या."

लिहून घेतलं. दोन विरुद्ध एक. ठराव मंजूर, पक्ष विसर्जित. मी वही मिटली. हिराबायने पदराने डोळे पुसले आणि मासळीची पाटी उचलायला वाकली.

इब्राहिमभाई जागचे हलले नाहीत. म्हणाले, "बहुमत मान्य आहे. पुढची सभा कधी?"

हिराबाय पाटी डोक्यावर घेता घेता थांबली.

"आयतवारी ठेवा," ती म्हणाली.