बाद झालेल्यांचा पाइप

लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला गंगापूर रोडच्या बागेत मी दर वीस मिनिटांनी एक खेळ आखला होता. पहिली संगीतखुर्ची. टेप थांबली आणि पहिल्याच फेरीत लेक बाद झाली. तिने भोकाड पसरलं, "घरी चल" म्हणून माझा पदर ओढू लागली.

बागेचा माळी शेजारीच गुलाबांना पाणी घालत होता. गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, कानावर विडी, पाइपच्या तोंडावर अंगठा. मघापासून तो आमच्याकडेच बघत होता.

"ताई, बाद केलेलं लेकरू नुसतं बसवून ठेवता, ते रडणार नाय तर काय? धाडा माझ्याकडं."

त्याने लेकीचा अंगठा पाइपवर टेकवला, वर स्वतःचा दाबला. फवारा झाडांच्या वर उडाला. "लय जोर हाय की तुझ्यात," तो गंभीरपणे म्हणाला. लेक खदखदून हसली.

पुढच्या फेरीत गाणं थांबलं, तरी खुर्चीवर कुणी बसेना. सगळ्यांनाच बाद व्हायचं होतं. उरलेले चारही खेळ मी तिथेच खोडले. माळ्याचं नाव विचारायचं मात्र राहिलं.

ओलीचिंब लेक पाइप धरून मैत्रिणींना दटावत होती, "ढकलू नका. मी सगळ्यात आधी बाद झालेय."