मापाची गोधडी

शुक्रवार, ३ मे १९६८, जळगाव. ऊन कडक, वारा नाही. सकाळच्या एस.टी.ने भिकुबाईची नात मंदा सावद्याला गेली. न्यायला तिचा बाप तोताराम आणि त्याची दुसरी बायको लता आले होते. भिकुबाई स्टँडवर आली नाही. मी गेले. दुपारी धोबी येऊन गेला, एक अभ्रा कमी.

एक ओळ सोडली तर माझ्या डायरीत त्या दिवसाचं एवढंच आहे. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी थोडक्यात लिहायची सवय लावली, ती सुटली नाही. पण भिकुबाईचं एवढ्यात भागत नाही. मागच्या हिवाळ्यात ती वारली, आणि तिच्याविषयी लिहील असं दुसरं कोणी नाही.

ती माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. नवरा डाळ मिलमध्ये हमाल होता, तो तरुणपणीच गेला. पदरात एकच मुलगी, द्वारका. शिवणाच्या मशीनवर भिकुबाईने तिला वाढवलं आणि उजवलं. गल्लीतली पोलकी, परकर, झबली सगळी तिच्याकडे येत. तिच्या गळ्यात टेप कायम असायचा, पण खरं माप ती डोळ्यांनीच घ्यायची. किराणावाल्यांच्या सुगनबाईला तर तोंडावर म्हणाली होती, "शेठाणीबाई, दंड वाढला. घेवर दुसऱ्याला वाढा, नाहीतर कापड जास्त आणा." सुगनबाई हसली आणि पुढच्या वेळी कापड जास्त घेऊन आली.

द्वारका सावद्याला केळीवाल्यांच्या घरी दिली होती. पहिलं बाळंतपण इथे झालं, ती मंदा. दुसऱ्या खेपेला सासरीच ती आणि बाळ दोघंही गेली. तोतारामने मंदाला आजीपाशी आणून सोडलं. पोर तेव्हा नीट बोलतही नव्हती.

त्यानंतर भिकुबाईला गोधडीचा छंद लागला. दुपारी मंदा निजली की मशीनचा आवाज नको, आणि हात तर स्वस्थ बसत नाहीत. आमच्याच ओळीत सोनगीरची शेवंताबाई राहायची. तिच्याकडे ही शिकायला बसली. आयुष्यभर शिवण केलेली बाई, पण गोधडी तिला जमेना. टाके इतके बारीक आणि ओढून घालायची की गोधडी आखडून कडक व्हायची. शेवंताबाईने पहिली गोधडी उभी धरली, तर ती तशीच ताठ राहिली.

"भिकू, ही गोधडी शे का पापड वं? दोरा ढिला सोड. पोलकं नही शिवी राहिनी तू."

भिकुबाई हसत उसवायची आणि पुन्हा घालायची. त्या दिवसांत मी तिला हसताना पाहिलं ते या गोधड्यांपायीच.

फाल्गुनात सावद्याहून निरोप आला. तोतारामचं दुसरं लग्न झालं, आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, येऊन पोरीला घेऊन जाऊ. निरोपासोबत द्वारकेच्या लुगड्यांचं गाठोडंही आलं. भिकुबाई ते मांडीवर घेऊन माझ्याकडे आली.

"अक्का, पोर रात्री माझा पदर मुठीत धरून झोपते. तिथे काय धरील?"

त्या लुगड्यांची गोधडी करायचं तिने ठरवलं. मंदाला जमिनीवर आडवं निजवलं, डोक्यापासून पायापर्यंत टेप लावला, वाढत्या अंगाची म्हणून वीतभर सोडलं. मग कात्रीने लुगड्यांच्या सारख्या पट्ट्या कापल्या. कडा तर अशा सरळ, की मी शाळेत रुमालालाही कधी घातल्या नव्हत्या. चैत्र संपता संपता गोधडी झाली. शेवंताबाईने ती जमिनीवर पसरली आणि तोंडाला हात लावला.

"हाई काय करं वं भिकू? एकली पोरनी गोधडी?"

"मापाने शिवली आहे."

"गोधडीनं माप घेतस का कोणी! पोर जोडे माय झोपस. तिनं अंग कोठे मावी?"

"तिला माय नाही."

"नवी येई ना."

भिकुबाईने गोधडी तिच्या हातातून ओढून घेतली. घडी घालून पेटीत ठेवली आणि दोघींचं बोलणं बंद झालं.

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात. पहिली बायको वारली की दुसरीने पहिलीच्या माहेरी लेक म्हणून यायचं, ही रीत. तशी लता आली. वय कोवळं, गळ्यात मेलेल्या सवतीचा म्हणून घालतात तो द्वारकेच्या नावाचा चांदीचा टाक. भिकुबाईने आधी टाकाकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. तिची ओटी भरली, नवं लुगडं नेसवलं, पुरणपोळी आणि आमरस वाढला. सगळं रीतीप्रमाणे केलं. मंदा तर लतेच्या सावलीलाही उभी राहीना.

सणानंतरच्या दुपारी मी ताक मागायला गेले. भिकुबाई दारातच उभी होती. तिने मला हाताने थांबवलं. आत मंदा त्या मापाच्या गोधडीवर झोपली होती. लता तिच्या शेजारी, पण गोधडीवर तिला जागाच नव्हती. ती उघड्या फरशीवर कुशीला पडली होती. नुसता हात तेवढा गोधडीवर, आणि त्या हाताचं बोट पोरीच्या मुठीत.

लता उठल्यावर भिकुबाई तिला म्हणाली, "येताना नेसून आलीस ते लुगडं दे गं."

"जुनं आहे ते, आई."

"जुनंच लागतं."

ते तिने कात्री न लावता हाताने टरकावलं आणि गोधडीच्या एका अंगाला जोडायला बसली. दुसरा सगळा दिवस त्यात गेला. टाके लांब पडले, वाकडे पडले, तिने एकही उसवला नाही. लता म्हणाली, "मी घालू का थोडे?"

"तू पोरीजवळ बस. मला जमतं."

स्टँडवर मंदाने खिडकीजवळची जागा मागितली. गोधडीचं गाठोडं लतेच्या मांडीवर आणि पोर त्या गाठोड्यावर. गाडी सुटली. मी परत आले तेव्हा भिकुबाई मशीनचं झाकण पुसत होती.

"रडली का?"

"नाही."

"मला विचारलं?"

तिने खिडकीजवळची जागा मागितली, तेवढं मी सांगितलं. तिने झाकण बसवलं, म्हणाली, "बरं झालं," आणि दार आतून लावून घेतलं.

पुढे तिने शिवणाची कामं केली, गोधडी मात्र शिवली नाही. मंदा दर आखाजीला येई. पहिल्या वर्षी आजीपाशी झोपली. नंतर लतेपाशीच झोपायची.

मंदा गेली त्या संध्याकाळी नोंदीखाली मी आणखी एक ओळ लिहिली होती: गवळ्याने मंदाचं पावशेर दूध सवयीने टाकलं. भिकुबाईचं दार बंद, मीच विरजण लावलं.